विश्लेषण : रूळ उखडले, वाट राहिली! अमेरिकेतील ५३८ किमीचा वाहनमुक्त सायकलमार्ग कसा घडला?

अमेरिकेतील पिट्सबर्ग या जुन्या पोलादनगरीपासून राजधानी वॉशिंग्टनपर्यंतचे अंतर घनदाट झाडी, डोंगर आणि नदीखोऱ्यांतून सायकलने कापता येते. मोटारींची सोबत जवळजवळ कुठेच नसते. या मार्गाच्या एका भागावरून पूर्वी कोळशाच्या मालगाड्या धावत. दुसऱ्या भागावरून खेचरे कालव्यातील होड्या ओढत. जंगलातून जाणाऱ्या या खडीच्या वाटेवर आज देशोदेशीचे सायकलस्वार येतात. मात्र ही वाट टिकवण्यासाठी लोकांना अनेक वर्षे पदयात्रा, जमीनखरेदी आणि कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. बंद पडलेला रेल्वेमार्ग एकदा तुकड्यांत विकला गेला, की तो पुन्हा जोडणे किती अवघड असते, याचा हा धडा आहे.

हा मार्ग नेमका कुठून कुठे जातो?

मार्गाचे दोन भाग आहेत. पहिला ‘ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज’. तो पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गपासून मेरीलँडमधील कंबरलँडपर्यंत १५० मैल, म्हणजे सुमारे २४१ किमी जातो. तिथे त्याला चेसापीक अँड ओहायो कालव्याकाठची वाट मिळते. पोटोमॅक नदीला धरून ती १८४.५ मैलांवर, म्हणजे सुमारे २९७ किमीवर वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउनला पोहोचते. दोन्ही मिळून अंतर ५३८ किमीच्या आसपास भरते. सावकाश जाणारे सायकलस्वार त्यासाठी साधारण आठवडाभर घेतात.

पिट्सबर्गहून निघाल्यावर आधी मोनोंगाहेला, मग यॉकियोगेनी आणि पुढे कॅसलमन अशा नद्यांच्या काठाने वाट चढत जाते. ओहायोपायल येथे यॉकियोगेनी नदी धबधब्यावरून कोसळते आणि तिने घातलेले मोठे वळण सायकलमार्ग दोन पुलांवरून ओलांडतो. मायर्सडेल गावाजवळचा सॉल्सबरी पूल सुमारे ५८० मीटर लांब आहे. त्याच्याखाली नदी, महामार्ग आणि आजही चालू असलेली रेल्वे, असे सगळे एकाच वेळी दिसते.

सर्वांत उंच जागा ७२९ मीटरवर आहे. हे पूर्वेकडील पाणलोटाचे विभाजन. इथे एका बाजूला पडलेला पाऊस पोटोमॅकमार्गे अटलांटिक महासागरात जातो, तर दुसऱ्या बाजूचा ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून मेक्सिकोच्या आखातात. महाबळेश्वरच्या एका अंगाचे पाणी अरबी समुद्राला आणि दुसऱ्या अंगाचे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते, तसाच हा प्रकार. जवळच सुमारे एक किमी लांबीचा ‘बिग सॅव्हेज’ बोगदा आहे. बोगद्यातून बाहेर पडून उताराला लागले की थोड्याच अंतरावर मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडची ऐतिहासिक सीमा लागते.

डोंगरातून जाऊनही चढ सौम्य कसा?

याचे उत्तर रेल्वेच्या चाकात आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा घर्षण फार कमी असते. त्यामुळे अवजड गाडी थोड्या ताकदीत ओढता येते, पण चढ थोडा जरी वाढला तरी इंजिनाची चाके घसरू लागतात. म्हणून रेल्वेचे अभियंते डोंगर थेट चढत नाहीत. नदीचे खोरे धरायचे, टेकडी कापायची, दरीवर पूल टाकायचा आणि अगदीच इलाज नसेल तर बोगदा खणायचा, असा त्यांचा शिरस्ता.

कंबरलँडहून पाणलोटाच्या माथ्यापर्यंत सुमारे ३८ किमीत ५४० मीटर चढावे लागते. हा चढ सरासरी दीड टक्क्याच्या आतला आहे. पिट्सबर्गच्या बाजूने तर साधारण तेवढीच उंची जवळपास २०० किमीत गाठली जाते. तुलनेसाठी आपल्याकडचा बोरघाट घ्यावा. कर्जत ते लोणावळा या टप्प्यात रेल्वेचा चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आहे आणि तिथे गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने जोडावी लागतात. त्या मानाने अ‍ॅलेघेनीची चढण मवाळ. डोंगरातल्या मोटाररस्त्यांवर सहा-आठ टक्क्यांचे चढ नेहमीचेच असतात आणि नवख्या सायकलस्वाराचा दम तिथेच निघतो. इथे मात्र मुले, साठी ओलांडलेले लोक आणि सामान लादलेले प्रवासी एकाच वाटेने वर जाताना दिसतात. चढ संपवता येतो तो ताकदीपेक्षा सातत्याने.

डांबराऐवजी खडी का?

रूळ आणि स्लीपर काढले की खाली दगडी खडीचा भक्कम थर उरतो. मालगाड्यांचे वजन पेललेला हा पाया. त्यावर चुनखडीच्या दगडाची बारीक खडी आणि कच पसरून रोलर फिरवला, की पृष्ठभाग घट्ट बसतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि बाजूच्या चरांत जाते. डांबराच्या तुलनेत खर्च कमी येतो आणि दुरुस्तीसाठी यंत्रसामग्रीही फारशी लागत नाही. चालणाऱ्यांच्या गुडघ्यांनाही ही वाट मानवते.

तोटेही आहेत. जोराच्या पावसात कच वाहून जाते, घळी पडतात. हिवाळा संपताना जमिनीतला बर्फ वितळू लागला की वाट मऊ पडते आणि टायर रुततात. कालव्याकाठची वाट मुळात खेचरांसाठी केलेली, मातीची. पावसाळी दिवसांत ती चिखलाने भरते. अलीकडे तिच्या बऱ्याच भागांवरही खडी टाकण्यात आली आहे.

अशा वाटांमुळे आणि जगभरातील कच्च्या रस्त्यांमुळे ‘ग्रॅव्हल बाइक’ हा सायकलप्रकार लोकप्रिय झाला. दिसायला ती शर्यतीच्या सायकलसारखीच, वाकड्या हँडलची. फरक टायरमध्ये. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलला साधारण २५ ते २८ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात, तर ग्रॅव्हल बाइकला ३५ ते ५० मिलिमीटरचे. त्यांत हवा कमी ठेवता येते, त्यामुळे दणके कमी बसतात आणि खडीवर पकड मिळते. या प्रकाराच्या शर्यतीही आता मोठ्या झाल्या आहेत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२२ मध्ये इटलीत पहिली ग्रॅव्हल जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. अर्थात अ‍ॅलेघेनीच्या वाटेसाठी खास सायकल लागतेच असे नाही. जरा रुंद टायरची कोणतीही धडधाकट सायकल पुरते.

रेल्वेने हा मार्ग का सोडला?

‘वेस्टर्न मेरीलँड रेल्वे’ने कंबरलँड ते कॉनेल्सव्हिल हा मार्ग १९१२ मध्ये पूर्ण केला. उद्देश एकच : पेनसिल्व्हेनियातील कोळसा आणि कोक वाहून नेण्याच्या धंद्यात वाटा मिळवणे. पण नदीच्या दुसऱ्या काठाने ‘बाल्टिमोर अँड ओहायो’ कंपनीची रेल्वे आधीपासून धावत होती. दोन कंपन्या, दोन रूळमार्ग, मधे एक नदी.

पुढे रस्ते वाढले, मालवाहतूक ट्रककडे वळली, खाणी आणि पोलाद कारखाने मंदावले. १९७३ मध्ये दोन्ही रेल्वे कंपन्या एकाच उद्योगसमूहाच्या छत्राखाली आल्या. एकाच मालकाला शेजारी शेजारी दोन मार्ग कशाला हवेत? १९७५ मध्ये वाहतूक जुन्या मार्गावर वळवण्यात आली आणि वेस्टर्न मेरीलँडचा डोंगरातला मार्ग बंद झाला. आजही सायकलस्वाराला नदीपलीकडून मालगाडीची शिट्टी ऐकू येते, ती त्या दुसऱ्या मार्गाची.

हे एकट्या मार्गाचे नशीब नव्हते. १९१६ मध्ये अमेरिकेत रेल्वेचे जाळे सुमारे चार लाख किमी होते. तो त्याचा उच्चांक. त्यानंतर ते आक्रसत गेले. १९८० च्या कायद्याने तोट्यातील मार्ग बंद करणे कंपन्यांना आणखी सोपे झाले.

कालव्याचा भाग कसा वाचला?

कालव्याची कहाणी त्याहून जुनी. ४ जुलै १८२८ रोजी कालवा आणि बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे या दोन्हींच्या कामाचा नारळ एकाच दिवशी फुटला. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोहोचली. कालव्याला १८५० उजाडले. होड्या चढवण्या-उतरवण्यासाठी ७४ जलद्वारे बांधावी लागली, पॉ पॉ येथे सुमारे ९५० मीटरचा बोगदा खणावा लागला. १९२४ च्या पुरानंतर कालव्यातली वाहतूक कायमची थांबली आणि १९३८ मध्ये केंद्र सरकारने ही मालमत्ता विकत घेतली.

१९५० च्या दशकात या पट्ट्यातून मोटाररस्ता नेण्याची योजना पुढे आली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून संपादकांना आव्हान दिले, की आधी माझ्यासोबत ही वाट चालून पाहा, मग मत द्या. मार्च १९५४ मध्ये ही पदयात्रा कंबरलँडहून निघाली. सुरुवातीला ५८ जण होते. संपूर्ण अंतर पायी पार करणारे डग्लस धरून अवघे नऊ. पण बातम्या देशभर पोहोचल्या, वृत्तपत्राने भूमिका बदलली आणि रस्त्याची योजना मागे पडली. १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. हा पट्टा आधीच एका मालकाकडे, म्हणजे सरकारकडे होता. तिथे लढाई फक्त त्याच्या वापराची होती. रेल्वेच्या बाबतीत प्रश्न अधिक किचकट निघाला.

तुकडे जोडायला २७ वर्षे का लागली?

अ‍ॅलेघेनीच्या वाटेचा पहिला तुकडा ओहायोपायल येथे १९८६ मध्ये खुला झाला. लांबी जेमतेम १५ किमी. शेवटचा तुकडा पिट्सबर्गजवळ २०१३ च्या जूनमध्ये जोडला गेला. मधल्या काळात वेगवेगळ्या गावांतले स्वयंसेवी गट आपापला टप्पा सांभाळत होते. १९९५ मध्ये ते एका आघाडीत एकत्र आले.

अडचण जमिनीची होती. मार्ग १९७५ मध्ये बंद झाला तेव्हा तो अखंड जपून ठेवण्याची सोय कायद्यात नव्हती. त्यामुळे कुठे धर्मादाय संस्थांनी, कुठे काउंटीने, कुठे राज्याने जमीन विकत घ्यायची, असे तुकड्या-तुकड्याने काम चालले. एका ठिकाणी मालक अडून बसला किंवा मधला पूल धोकादायक ठरला, तर पुढची-मागची दहा किमी तयार वाट असूनही निरुपयोगी. पिंकर्टन येथील जुना बोगदा खचलेला असल्याने सायकलस्वारांना डोंगराला वळसा घालावा लागे. तो बोगदा २०१५ मध्ये, म्हणजे मार्ग ‘पूर्ण’ झाल्यानंतर दोन वर्षांनी खुला झाला.

पैशांचा प्रश्न १९९१ च्या केंद्रीय वाहतूक कायद्याने काहीसा सोपा केला. रस्त्यांसाठीच्या निधीतला ठरावीक हिस्सा पादचारी आणि सायकलमार्गांसाठी वापरण्याची मुभा त्याने दिली. बाकीचा भार देणगीदार, राज्ये आणि फावडे घेऊन येणाऱ्या स्वयंसेवकांनी उचलला.

‘रेल बँकिंग’ म्हणजे काय आणि त्यावर वाद का?

१९व्या शतकात रेल्वे कंपन्यांनी अनेक ठिकाणी जमीन विकत घेतलीच नव्हती. शेतकऱ्याकडून फक्त वहिवाटीचा हक्क मिळवला होता. जमीन तुमचीच, आम्ही त्यावरून गाडी नेणार, असा हा करार. साहजिकच, रेल्वे कायमची बंद झाली की हक्क संपतो आणि पट्टा मूळ मालकाच्या वारसांकडे किंवा ज्याने ते शेत विकत घेतले त्याच्याकडे जातो. शंभर किमीच्या मार्गाचे शेकडो तुकडे होतात. कोणी कुंपण घालतो, कोणी गोठा बांधतो. पुढे पन्नास वर्षांनी रेल्वे परत आणायची म्हटली तरी पट्टा सलग मिळत नाही.

हे टाळण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९८३ मध्ये राष्ट्रीय पायवाट कायद्यात दुरुस्ती केली. रेल्वे कंपनी, तसेच कर, देखभाल आणि अपघाताची जबाबदारी घ्यायला तयार असलेली संस्था किंवा सरकार यांच्यात सहमती झाली, तर मार्ग ‘बंद’ न मानता भविष्यातील रेल्वेसाठी राखीव मानला जातो. मधल्या काळात त्यावर पायवाट किंवा सायकलमार्ग करता येतो. बँकेत ठेव ठेवावी तसा मार्ग ठेवायचा, म्हणून हे ‘रेल बँकिंग’. प्रत्यक्षात अशा फार थोड्या मार्गांवर पुन्हा गाड्या धावल्या आहेत, पण कायद्याचा आधार तोच आहे.

जमीनमालकांना हे पटले नाही. त्यांचा सवाल रास्त होता : आजोबांनी रेल्वेसाठी वाट दिली, अनोळखी सायकलस्वारांसाठी नव्हे. व्हर्मांट राज्यातील अशाच एका कुटुंबाचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९० मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला, मात्र मालकाचे नुकसान होत असेल तर तो सरकारकडे भरपाई मागू शकतो, असेही स्पष्ट केले. त्यानंतर भरपाईचे अनेक दावे मंजूर झाले. २०१४ मध्ये वायोमिंगमधील एका खटल्यात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने मालकाच्या बाजूने कौल दिला. तिथे रेल बँकिंग झालेलेच नव्हते. १८७५ च्या कायद्याखाली मिळालेला हक्क रेल्वेने सोडताच संपला, असे न्यायालयाचे म्हणणे. दोन्ही निकालांचा व्यावहारिक अर्थ एकच निघतो : रूळ उखडण्याआधी निर्णय घ्या. नंतर उशीर झालेला असतो.

गावांना काय मिळाले?

वाटेवरची बहुतेक गावे कोळसा, कोक आणि पोलादावर उभी राहिली होती. कॉनेल्सव्हिल तर कोकच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध. या वैभवाची किंमतही वाटेवर दिसते. यॉकियोगेनीच्या काठी डार खाणीत १९ डिसेंबर १९०७ रोजी झालेल्या स्फोटात २३९ खाणकामगार मरण पावले. काही ठिकाणी बंद खाणींतले आम्लयुक्त पाणी झिरपून कातळ आजही तांबूस रंगलेले आहेत. पिट्सबर्गजवळ होमस्टेड येथे १८९२ मध्ये संपकरी कामगार आणि कंपनीने आणलेले सशस्त्र रखवालदार यांच्यात रक्तपात झाला. ती जागाही याच वाटेवर आहे. ज्या पुलावरून वितळलेले लोखंड वाहून नेले जाई, त्या ‘हॉट मेटल’ पुलावरून २००७ पासून सायकली जातात.

कारखाने गेल्यावर गावे ओस पडू लागली. सायकलस्वार आल्याने तिथे खानावळी, मुक्कामाच्या खोल्या, सायकल दुरुस्तीची दुकाने, सामान पुढच्या गावी पोहोचवणाऱ्या गाड्या असे छोटे व्यवसाय उभे राहिले. दोन नद्या आणि एक ओढा जिथे भेटतात त्या हजारपेक्षा कमी वस्तीच्या कॉन्फ्लुअन्स गावात आज मुक्कामी पाहुणे असतात. मायर्सडेलचे जुने रेल्वे स्थानक प्रवाशांचे माहिती केंद्र झाले आहे. २००७ पासून या गावांना व्यवसायासाठी कर्ज आणि सल्ला देणारा स्वतंत्र कार्यक्रमही चालवला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या वाटेमुळे २०१९ या एका वर्षात झालेली आर्थिक उलाढाल सुमारे १२ कोटी डॉलर सांगितली.

तरीही पर्यटन म्हणजे पोलाद कारखाना नव्हे. हे उत्पन्न हंगामी आहे. बिग सॅव्हेज बोगद्याचे अस्तर गोठण्या-वितळण्याने फुटू नये, म्हणून त्याचे दरवाजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बंद ठेवले जातात. त्या काळात खोल्याही रिकाम्या राहतात. दरड कोसळणे, पडलेली झाडे, शंभरी ओलांडलेले पूल यांचा खर्च मात्र बारमाही.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

भारतात बंद मार्गांचा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. इथे रेल्वेची जमीन बहुतांशी सरकारच्या मालकीची असल्याने ती वारसांकडे परत जाण्याचा धोका कमी. पण न वापरलेल्या पट्ट्यावर अतिक्रमण व्हायला किंवा तो तुकड्यांत दुसऱ्या कामाला जायला वेळ लागत नाही.

विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ‘शकुंतला’ ही कापसासाठी घातलेली नॅरोगेज रेल्वे बंद आहे. तिथल्या लोकांना सायकलमार्ग नको, रेल्वेच परत हवी आहे. रेल बँकिंगची मूळ कल्पना या मागणीच्या आड येत नाही. मार्ग अखंड राखला तरच गाडी परतण्याची आशा उरते.

मेळघाटात गोष्ट आणखी निराळी. अकोला-खंडवा मीटरगेज मार्ग व्याघ्र प्रकल्पातून जात होता आणि धुळघाटजवळ त्याने डोंगर चढण्यासाठी घेतलेले वेटोळे रेल्वेप्रेमींना ठाऊक आहे. ब्रॉडगेज जंगलातून न्यावी की बाहेरून, यावर अनेक वर्षे वाद झाला. अशा ठिकाणी जुना मार्ग पर्यटनासाठी खुला करण्याचा मोह होऊ शकतो. पण वाघाच्या अधिवासात रोज शेकडो माणसे नेणे म्हणजे रेल्वे काढून दुसरा अडथळा आणणे. तिथे रूळ गेल्यानंतरची वाट वन्यजीवांकडेच जायला हवी.

म्हणजे प्रत्येक बंद मार्गाचे उत्तर सायकल नाही. कुठे रेल्वे, कुठे सायकल, कुठे जंगल. मात्र यातले काहीही निवडायचे असेल, तर निवड करेपर्यंत पट्टा शाबूत राहायला हवा. पेनसिल्व्हेनियातील लोकांना तो तुकड्या-तुकड्याने परत मिळवताना २७ वर्षे लागली, आणि त्यांच्याकडे निदान पूल आणि बोगदे जागेवर उभे होते.